जागेवरून लांब उडीची रबरी मॅट : वर्षभराच्या वापरानंतरचे परीक्षण

१९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये जागेवरून लांब उडीचे सुवर्णपदक ग्रीसच्या कॉन्स्टांटिनोस त्सिक्लितिरासने ३.३७ मीटर उडी मारून जिंकले आणि अमेरिकेचा प्लॅट ॲडम्स ३.३६ मीटर उडीमुळे दुसरा आला. दोघांमध्ये अंतर होते एका सेंटिमीटरचे. ऑलिंपिकमध्ये हा प्रकार त्यानंतर पुन्हा झाला नाही. हीच उडी मोजण्यासाठी विकली जाणारी रबरी मॅट मी गेले वर्षभर मुलांच्या सरावात आणि चाचण्यांत वापरते आहे. तिच्यावर लिहिताना मी एकच कसोटी धरली आहे : त्या एका सेंटिमीटरच्या बाबतीत या मॅटवर विश्वास ठेवता येतो का?

आधी प्रकाराबद्दल थोडे सांगते, कारण मॅटचे गुणदोष त्याच्या नियमांवरच तपासावे लागतात. जागेवरून लांब उडीत धाव नसते. खेळाडू रेषेशी दोन्ही पाय टेकवून उभा राहतो, गुडघे वाकवतो, हात मागे नेतो आणि दोन्ही पायांनी एकदम जमीन सोडून पुढे झेपावतो. टाचा उचलून चवड्यांवर झुलायला हरकत नसते. पण पावले जमिनीवरून एकदा सुटली की प्रयत्न झाला, आधी छोटी उसळी घेऊन मग खरी उडी मारता येत नाही. १९०० ते १९१२ या काळातल्या चारही ऑलिंपिकमध्ये ही स्पर्धा झाली. जागेवरून उंच उडीसुद्धा तोपर्यंत टिकली, जागेवरून तिहेरी उडी मात्र १९०४ नंतरच वगळली गेली. या तिघींपैकी लांब उडीच जगभर रोजच्या वापरात राहिली, ती चाचणीच्या रूपाने. उंच उडीला खांब आणि आडवी दांडी लागते, तिहेरीला दहा मीटरहून लांब मोकळी जागा लागते. लांब उडीला एक रेषा आणि एक मोजफीत पुरते. म्हणूनच युरोपातल्या शाळकरी मुलांच्या युरोफिट चाचण्यांत ती आहे आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगसाठी खेळाडू निवडण्यापूर्वी होणाऱ्या चाचण्यांतही आहे. नॉर्वेमध्ये तर तिची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा आजच्या काळापर्यंत चालत आलेली आहे. बाजारात मॅट मिळते ती या चाचण्यांमुळे. उत्तम खेळाडूची उडी डोळ्यांसमोर ठेवून ती बनवलेली नसते, आणि मला जाणवलेल्या उणिवांपैकी बऱ्याचशा तिथूनच आलेल्या आहेत.

माझ्याकडची मॅट पाच मिलिमीटर जाडीच्या काळ्या रबराची, पाऊण मीटर रुंद आणि साडेतीन मीटर लांब आहे. एका टोकाला पावलांच्या दोन आकृत्या छापल्या आहेत, त्यांच्यापुढे पाच सेंटिमीटर रुंदीची पांढरी रेषा आहे आणि तिथून पुढे दोन्ही कडांना सेंटिमीटरच्या खुणा आहेत. खुणा ३ मीटरवर संपतात. गुंडाळी करून पट्ट्याने बांधता येते, पण वजन बरेच असल्यामुळे ती दोघांनी मिळून न्यावी लागते. जाहिरातीत 'सहज उचलता येणारी' असे म्हटले आहे, ते मला पटलेले नाही.

मॅट येण्यापूर्वी आम्ही फक्कीने रेषा आखत असू. एकाने मोजफितीचे टोक रेषेवर धरायचे, दुसऱ्याने टाचेच्या खुणेपर्यंत फीत ताणायची, तिसऱ्याने आकडा लिहायचा. तोवर पुढच्या मुलाचे अंग थंड पडलेले असे. मॅटवर कडेला एकजण गुडघ्यावर बसतो, टाच टेकली त्या ओळीचा आकडा वाचतो आणि दुसरा तो लिहून घेतो. वेळ किती वाचतो यापेक्षा मला एक गोष्ट जास्त मोलाची वाटते : मुलाला स्वतःची उडी तिथल्या तिथे दिसते. एकदा मी प्रत्येकाला आधी दोन्ही हात पाठीमागे बांधल्यासारखे धरून उडी मारायला लावली आणि लगेच दुसरी उडी हात मोकळे सोडून मारायला सांगितली. हातांच्या झोक्याने या उडीत सुमारे एक पंचमांश भर पडते, असे प्रयोगशाळेतल्या मोजमापांत आढळलेले आहे. माझ्या मुलांमध्ये फरक कमीजास्त होता, पण प्रत्येकाच्या दोन टाचांच्या खुणांमध्ये तो स्पष्ट दिसत होता. 'हात वापरा' असे मी कित्येक महिने सांगत होते. ते त्या दिवशी त्यांना कळले. उडी फार उंच मारायची नसते हेही असेच दिसून येते. पंचेचाळीस अंशांचा नियम फेकलेल्या दगडाला लागू पडतो. माणूस सरळ वर जाऊ लागला की त्याचा सुटण्याचा वेग घटतो आणि उतरताना त्याच्या शरीराचा मध्य सुटतानाच्या मानाने खाली असतो, त्यामुळे लांब जाण्यासाठी बराच सपाट कोन लागतो. मॅटवर चार-पाच उड्या मारल्या की मुले हा कोन स्वतःच शोधू लागतात. या एका उपयोगासाठी मी मॅटला मनापासून चांगले म्हणेन.

आता मापाबद्दल. पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या उड्या अचानक लांब झाल्या. मुले आनंदात होती, मीही होते, पण एका मुलाचा आकडा मला खटकला. मोजफितीवर दोन मीटरच्या किंचित आत अडकलेला हा मुलगा मॅटवर पहिल्याच प्रयत्नात २.०२ मीटर गेला. मी मॅटशेजारी पोलादी मोजफीत लावली आणि चूक सापडली. सोबतच्या माहितीपत्रकातल्या चित्रात पायांची बोटे पांढऱ्या रेषेच्या पुढच्या कडेपर्यंत आलेली दाखवली आहेत. छापलेल्या खुणांचे शून्य मात्र रेषेच्या मागच्या कडेवर आहे. चित्राप्रमाणे उभे राहिले की प्रत्येकाला रेषेच्या रुंदीएवढे, म्हणजे पूर्ण पाच सेंटिमीटर, फुकट मिळतात. मैदानी खेळांत माप नेहमी उड्डाणरेषेच्या वाळूकडच्या कडेपासून घेतात आणि खेळाडू त्या कडेपर्यंत पाय ठेवू शकतो, त्यामुळे चित्र योग्यच होते. छपाई त्याला धरून नव्हती. त्या मुलाला मी सगळे समजावून सांगितले, बोटे रेषेच्या मागे ठेवून पुन्हा उडी मारायला लावली, आणि आकडा १.९७ आला. त्याचा चेहरा उतरलेला पाहताना मला वाईट वाटले. पाच महिन्यांनी तो योग्य जागी उभा राहून २.०४ मीटर गेला, तेव्हा तो आकडा खरा असल्याचे त्याला आणि मला दोघांनाही ठाऊक होते.

ज्यांच्याकडे अशी मॅट आधीपासून असेल त्यांनी वहीतले जुने आकडे नव्या आकड्यांशी ताडून पाहण्यापूर्वी शून्य कुठे आहे ते तपासावे. यासाठी पोलादी फीत वापरावी. कापडी फीत ताणली जाते.

दुसरा प्रश्न मॅट अंथरण्याचा आहे. गुंडाळून ठेवलेले रबर उलगडल्यावर लगेच सपाट बसत नाही, मधेमधे लाटा राहतात. खुणा रबराच्या पृष्ठभागावर असल्यामुळे लाटेची चढण-उतरणही त्यांत मोजली जाते आणि उडी खऱ्या अंतरापेक्षा लांब भरते. तीस सेंटिमीटर पायथ्याची आणि तीन सेंटिमीटर उंचीची एक लाट धरली तर हा फरक सुमारे ६ मिलिमीटर होतो. अशा दोन लाटा राहिल्या की एक सेंटिमीटर ओलांडला, म्हणजे स्टॉकहोमचा निकाल फिरवण्याइतकी चूक झाली. उलट, लाटा घालवण्यासाठी दोघांनी दोन टोकांना धरून मॅट जोरात ओढली तर रबर ताणले जाते, खुणा एकमेकींपासून दूर सरकतात आणि उडी आखूड भरते. उन्हात तापलेल्या मॅटवर हा परिणाम माझ्या फितीने पकडला : ३ मीटरची खूण प्रत्यक्षात ३ मीटर ८ मिलिमीटरवर गेली होती. आता आम्ही मॅट आदल्या संध्याकाळी सावलीत अंथरतो, गुंडाळीच्या उलट बाजूने एकदा वळवतो, कडांना वजने ठेवतो आणि रात्रभर तशीच राहू देतो. सकाळी ती सपाट असते, आणि फितीशी ताडल्यावर फरक दोन मिलिमीटरच्या आत राहतो. माहितीपत्रकात यातले काहीही लिहिलेले नाही. मॅट बनवणाऱ्याने या चार ओळी छापल्या असत्या तर अनेक ठिकाणच्या चुकीच्या नोंदी टळल्या असत्या, असे मला वाटते.

पकडीच्या बाबतीत अनुभव संमिश्र आहे. वरचा पृष्ठभाग खडबडीत आहे; स्वच्छ तळव्याचे बूट घातलेले असतील तर पाय सुटताना घसरत नाही. खालची बाजू गुळगुळीत आहे, हा दोष गंभीर आहे. सिमेंटच्या खरखरीत जमिनीवर मॅट हलत नाही, पण पॉलिश केलेल्या फरशीवर किंवा हॉलच्या लाकडी जमिनीवर जोरदार उडी मारणाऱ्याच्या पायाखालून ती मागे सरकते. पायांनी मागे दिलेला जोर मग शरीराला पुढे ढकलण्याऐवजी रबर सरकवण्यात जातो आणि उडी आखूड पडते. त्याहून वाईट म्हणजे उतरताना तीच मॅट पुढे सरकते आणि खेळाडू पाठीवर पडतो. आमच्याकडे एक मुलगी अशी पडली. कोपराला खरचटण्यावर निभावले. तेव्हापासून हॉलमध्ये आम्ही चारही कडा रुंद चिकटपट्टीने जमिनीला चिकटवतो आणि थोडीशी ओल असली तरी उडी थांबवतो. ओल्या रबरावर ही उडी मारू नये, हे कितीही वेळा सांगितले तरी कमीच आहे.

उतरण्याबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण इथे मॅट आणि जुना ऑलिंपिक प्रकार एकमेकांपासून वेगळे होतात. त्या काळातले खेळाडू वाळूत उतरत. वाळूत पाय पुढे लांबवून, टाचा रुतवून, शरीर मागाहून पुढे ओढून घेता येते. वाळू धक्का पचवते आणि खेळाडू निर्धास्तपणे पाय पुढे फेकू शकतो. मॅटवर दोन्ही पायांवर उतरून तोल सांभाळावा लागतो. पाय फार पुढे टाकले की टाचा टेकतात आणि शरीर मागे कोसळते. हात किंवा पार्श्वभाग मागे टेकला की ती उडी एक तर बाद होते किंवा टेकल्या जागेपासून मोजली जाते. म्हणून मॅटवरचा खेळाडू, नकळत का होईना, पाय थोडे आखडून घेतो. मॅटवरच्या आकड्याची वाळूतल्या आकड्याशी थेट तुलना करू नये, हे मी माझ्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवले आहे. पाच मिलिमीटरचे रबर म्हणजे गादी नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवे. सिमेंटवर अंथरलेल्या मॅटवर एका दिवसात वीस-पंचवीस उड्या मारल्या की टाचा आणि गुडघे तक्रार करतात. चाचणीसाठी तीन प्रयत्न ठीक आहेत. रोजचा सराव करायचा असेल तर उड्डाण मॅटवरून आणि उतरणे वाळूच्या खड्ड्यात, अशी रचना करावी. आम्ही मॅटचे उड्डाणाचे टोक खड्ड्याच्या काठाशी लावतो आणि त्या दिवशी माप फितीनेच घेतो.

आकडा वाचण्याचीही एक रीत आहे. माप जवळच्या टाचेच्या मागच्या कडेपर्यंत घ्यायचे असते. बोटांपर्यंत नव्हे, आणि दोन टाचा पुढेमागे असतील तर पुढच्या टाचेपर्यंतही नव्हे. कडेच्या खुणांवरून मधल्या टाचेचा आकडा वाचताना डोळा तिरका असेल तर दोन सेंटिमीटरची चूक सहज होते. माझ्या मॅटवर खुणा फक्त कडांना आहेत. दर दहा सेंटिमीटरला तरी पूर्ण रुंदीची आडवी रेघ असायला हवी होती. आम्ही एक सरळ लाकडी पट्टी टाचेला लावून दोन्ही कडांचे आकडे वाचतो, आणि दोन्ही सारखे आले तरच लिहितो.

राहिला खुणा संपण्याचा प्रश्न. हा दोष मुलांच्या चाचणीत कधीच जाणवणार नाही, तरी मला तो सगळ्यात जास्त बोचला. ऑलिंपिकमधली एकही विजयी उडी या मॅटवर मोजता आली नसती. १९०० साली पॅरिसमध्ये ३.२१, १९०४ साली सेंट लुईसमध्ये ३.४७, १९०८ साली लंडनमध्ये ३.३३ आणि त्यानंतर त्सिक्लितिरासची ३.३७. पहिल्या तिन्ही उड्या एकाच माणसाच्या : अमेरिकेचा रे युरी. लहानपणी त्याला पोलिओ झाला होता, काही काळ तो चाकाच्या खुर्चीला जखडला होता, आणि पायांत बळ यावे म्हणून त्याने जे व्यायाम सुरू केले त्यांतूनच त्याची उडी घडत गेली. शिक्षणाने तो अभियंता होता. १६ जुलै १९०० या एकाच दिवशी पॅरिसमध्ये त्याने जागेवरून उंच, लांब आणि तिहेरी या तिन्ही उड्यांची सुवर्णपदके घेतली, आणि १९०८ पर्यंत ऑलिंपिकमधली त्याची सुवर्णपदके आठ झाली. आता अधिकृत ऑलिंपिक न मानल्या जाणाऱ्या १९०६ च्या अथेन्सच्या स्पर्धेतली दोन धरली तर दहा. ३.४७ मीटरचा त्याचा जागतिक उच्चांक १९३०च्या दशकात या प्रकाराची अधिकृत नोंद थांबेपर्यंत कोणी मोडला नाही. त्सिक्लितिरासची कहाणी याहून छोटी आहे : स्टॉकहोमनंतर वर्ष पुरे होण्याआधीच, १९१३ च्या फेब्रुवारीत, मेंदूच्या आवरणाच्या दाहाने तो वारला.

मॅट साडेतीन मीटर लांब आहे, पण सुमारे अर्धा मीटर उभे राहण्याच्या जागेत आणि रेषेत गेल्यामुळे ३ मीटरपुढे रबरच उरत नाही. मॅटच्या टोकापुढे जमिनीवर मी रंगीत चिकटपट्टीच्या दोन पट्ट्या लावल्या आहेत : एक ३.४७ वर आणि दुसरी ३.७३ वर. दुसरी २०१५ साली एनएफएलच्या चाचणीत बायरन जोन्सने मारलेल्या उडीची आहे. मुले स्वतःची उडी झाली की तिथवर चालत जातात, पावले टाकून अंतर मोजतात आणि रेषेकडे वळून पाहतात. इतके अंतर धाव न घेता, जागच्या जागी उभे राहून कापता येते, हे त्यांना आकड्याने कळत नव्हते. मॅट बनवणाऱ्यांनी आणखी एक मीटर रबर दिले असते तर या पट्ट्यांची गरज पडली नसती, आणि मोठ्या वयाच्या चांगल्या खेळाडूची टाच ३ मीटरच्या कडेवर अर्धी रबरावर, अर्धी जमिनीवर पडण्याचा धोकाही टळला असता. आमच्याकडचा एक तरुण २.८० च्या पुढे जाऊ लागला आहे. त्याची चाचणी मी मॅटवर घेत नाही.

टिकाऊपणाबद्दल तक्रार नाही. वर्षभरात रबराला कुठे चीर गेली नाही. दीड ते दोन मीटरच्या पट्ट्यातले पांढरे आकडे मात्र फिकट झाले आहेत, कारण बहुतेक सगळे तिथेच उतरतात. ओल्या फडक्याने पुसणे पुरते. सुरुवातीचे काही दिवस रबराचा वास उग्र होता.

शून्याच्या चुकीबद्दल मी विक्रेत्याला फोटोसह कळवले. उत्तर यायला तीन आठवडे लागले आणि त्यात 'एवढ्या फरकाने चाचणीवर परिणाम होत नाही' असे म्हटले होते. हे मला मान्य नाही. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी एकाच मुलाची चाचणी घेतली तर त्याची प्रगती पुष्कळदा पाच-सात सेंटिमीटरच असते. मधल्या काळात कोणी उभे राहण्याची जागा बदलली तर ती सगळी प्रगती मापाच्या चुकीत बुडून जाईल. दुसऱ्या पत्रानंतर त्यांनी मॅट बदलून देण्याची तयारी दाखवली. बदलून आलेल्या मॅटवरही शून्य तिथेच होते, म्हणून मी ती परत पाठवली आणि पहिलीच ठेवली. रेषेचा पुढचा चार सेंटिमीटरचा भाग काळ्या रंगाने झाकून टाकला आणि मागच्या कडेची एक सेंटिमीटरची पांढरी पट्टी तेवढी ठेवली. आता मुले त्या पट्टीच्या मागे बोटे लावतात, आणि आकडा फितीशी जुळतो.

ज्यांना एका दिवसात पुष्कळ मुलांची चाचणी घ्यायची आहे आणि ज्यांच्याकडे खरखरीत, सपाट, कोरडी जमीन आहे, त्यांनी ही मॅट घ्यायला हरकत नाही; मात्र सोबत पोलादी फीत, काळा रंग आणि रात्रभर अंथरून ठेवायला सावलीची जागा हवी. ज्यांचे खेळाडू २.७० च्या पुढे जातात त्यांनी निदान ३.५० मीटरपर्यंत खुणा असलेली मॅट शोधावी, आणि घेण्यापूर्वी तिचे शून्य रेषेच्या कोणत्या कडेवर आहे ते विक्रेत्याला लेखी विचारावे.